बॅटरी खरोखर गेली आहे का? नवी घेण्याआधी घरीच तपासा

मे महिन्याची सुट्टी संपवून माणसे गावाहून परततात, सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीची चावी फिरवतात आणि आतून नुसते ‘टक्’ ऐकू येते. मग सल्ले सुरू होतात. वॉचमन म्हणतो, बॅटरी उतरली. शेजारी म्हणतात, बॅटरी गेली. ओळखीचा मेकॅनिक फोनवरूनच निकाल देतो, “तीन वर्षं झाली ना साहेब? बदलून टाका.” आणि बॅटरीचे दुकान तर बॅटरी विकायलाच उघडलेले असते.

वाचकांकडून येणारा प्रश्न जवळपास प्रत्येक वेळी हाच असतो: यातल्या कोणाचे खरे मानायचे? आमचे उत्तर आहे, कोणाचेच नाही, आधी मोजा. उतरलेली बॅटरी चार्ज केली की पुन्हा कामाला लागते. खराब झालेली बॅटरी कितीही चार्ज केली तरी दोन दिवसांत हात टेकते. आणि तिसरी शक्यता अशी की बॅटरी ठणठणीत असते, पण तिला चार्ज करणारा अल्टरनेटर तरी बिघडलेला असतो किंवा गाडीतले एखादे यंत्र रात्रभर वीज खात बसलेले असते. या तिसऱ्या प्रकारात नवी बॅटरी घेतलीत तर तीही काही दिवसांत उतरेल आणि चार-पाच हजार रुपये पाण्यात जातील.

हा फरक कळायला दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर आणि अर्धा तास पुरतो.

मीटर हाताशी नसेल तर

गाडी बंद पडली आहे आणि जवळ काहीच नाही, अशा वेळी आतला छताचा दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत सेल्फ मारा. पुष्कळ जण हेडलाइट बघायला सांगतात. पण बऱ्याच नव्या गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप बंद होतो, त्यामुळे तो बघून फसगत होते. छताचा दिवाच बघा.

- दिवा आधीपासूनच मंद आहे किंवा सेल्फ मारताच जवळपास विझतो: बॅटरी उतरली आहे, खराब झाली आहे किंवा तिच्या टर्मिनलची जोडणी सैल आहे.
- दिवा लख्ख राहतो आणि इंजिन हलतही नाही: संशय स्टार्टर मोटर, तिची वायर किंवा क्लच-ब्रेकजवळच्या स्विचवर घ्या. काही गाड्या क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत आणि ऑटोमॅटिक गाड्या गिअर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये नसेल तर घेत नाहीत. घाईत ही साधी गोष्ट राहून जाते.
- इंजिन जोरात फिरते, पण सुरू होत नाही: बॅटरीला दोष देऊ नका. पेट्रोल, स्पार्क किंवा चावीतली चिप बघा.
- कट-कट-कट असा आवाज झरझर येतो: बहुतेक वेळा बॅटरीत जोर नाही.

यावरून एवढेच कळते की पुढे शोध कुठे घ्यायचा. नवी बॅटरी घेण्याचा निर्णय यावर घेऊ नये.

हात लावण्याआधी

गाडीची साधी बॅटरी म्हणजे शिशाच्या पट्ट्या आणि पातळ केलेले गंधकाम्ल. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि तो एका ठिणगीने पेट घेतो. म्हणून बोनेट उघडल्यावर जवळ विडी-सिगारेट नको, उजेडासाठी लायटर नको. हातातले कडे, अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवा. पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना टेकला तर तो क्षणात लालभडक होतो, आणि अंगठीचेही तेच होते. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असावा. आम्ल अंगावर उडालेच तर पुसत बसू नका, भरपूर वाहत्या पाण्याने धुवा. डोळ्यात गेले तर निदान पंधरा मिनिटे पाणी मारत राहा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

बॅटरी फुगलेली असेल, तिला तडा गेला असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तपासणीच्या फंदात पडू नका. ती बॅटरी बाद झाली आहे. तिला चार्जरही लावू नका.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतही दिवे आणि लॉकसाठी बहुधा वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते. पुढची मोजमापे तिची घेता येतात, पण आधी मॅन्युअल बघा. नारिंगी रंगाच्या जाड केबलना मात्र बोटही लावू नका. त्या मुख्य बॅटरीच्या असतात आणि त्यांच्यातला दाब जीवघेणा असतो.

पहिले मोजमाप: गाडी झोपलेली असताना

मीटरची काळी वायर ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात घाला. बटण डीसी व्होल्टच्या २० वर फिरवा. शेजारीच एसी व्होल्टचाही भाग असतो. सरळ रेघेखाली तुटक रेघ असते ती डीसीची खूण. लाल टोक बॅटरीच्या अधिक टर्मिनलला आणि काळे उणे टर्मिनलला लावा. आकड्यापुढे उणे चिन्ह आले तर टोके उलटी लागली आहेत एवढेच. मीटरचे काही बिघडत नाही.

वेळ नेमकी निवडा. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीची बॅटरी खोटा आकडा दाखवते, कारण चार्जिंगचा वरवरचा दाब तिच्यावर तासन्‌तास राहतो. मोजायचे सकाळी, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, दार किंवा बोनेट उघडून पाच मिनिटे थांबून. एवढा धीर नसेल तर हेडलाइट दोन मिनिटे लावा, बंद करा, पाच मिनिटांनी मोजा.

साध्या बॅटरीचे आकडे साधारण असे समजा:

- १२.६ किंवा जास्त: पूर्ण भरलेली
- १२.४: पाऊण
- १२.२: निम्मी
- १२.०: जेमतेम पाव
- ११.९ किंवा कमी: उतरलेली

बंदिस्त ‘एजीएम’ जातीच्या बॅटरीत हे आकडे थोडे वर असतात. ती पूर्ण भरलेली असताना १२.८ च्या आसपास दाखवते.

आता खरी गोम. या आकड्यावरून बॅटरी किती भरली आहे ते कळते, ती धडधाकट आहे की नाही ते कळत नाही. दुकानात काउंटरवरचा माणूस मीटर टेकवून “बघा, ११.८, संपली” म्हणतो तेव्हा त्याने फक्त बॅटरी उतरली असल्याचे दाखवलेले असते. १२.४ च्या खाली आकडा आला तर पुढचे मोजमाप घेण्याआधी बॅटरी चार्ज करून घ्या. रिकाम्या बॅटरीची ताकद तपासण्यात अर्थ नाही. ती नापासच होणार.

एक आकडा मात्र लक्षात ठेवा: १०.५. बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा साधारण २.१ व्होल्ट देतो. रात्रभर चार्ज करून, काही तास ठेवूनही मीटर १०.५ च्या आसपासच अडकला असेल तर एक कप्पा कायमचा गेला आहे. गॅरेजच्या बोलीत ‘एक सेल शॉर्ट’. तिथे पुढची तपासणी संपली.

दुसरे मोजमाप: सेल्फ मारताना

एकच मोजमाप घ्यायला वेळ असेल तर हे घ्या. इंजिन फिरवताना स्टार्टर मोटर बॅटरीतून शंभराहून अधिक अँपिअर ओढते. थकलेली बॅटरी या ओझ्याखाली उघडी पडते. दुकानातले भाराचे यंत्र करते तेच काम इथे तुमची स्टार्टर मोटर करते, तेही फुकट.

मीटरची टोके टर्मिनलना घट्ट लावून ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. तुमचा हात, ओढणी, मीटरच्या वायरी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब. आकडा किती खाली जातो ते बघायचे आहे. अडचण अशी की आजची इंजिने सेकंदाभरात सुरू होतात आणि स्वस्त मीटरचा आकडा तेवढ्यात बदलून जातो. त्यावर सोपा उपाय म्हणजे मीटरच्या पडद्याचे मोबाइलवर चित्रीकरण करा आणि नंतर सावकाश, थांबवत-थांबवत बघा. मीटरवर ‘मिनिमम’ धरून ठेवण्याचे बटण असेल तर उत्तमच.

- आकडा १० च्या वर राहिला: बॅटरीत दम आहे.
- ९.६ ते १० च्या मध्ये: सीमारेषेवर. लगेच बदलू नका, पण लांबच्या प्रवासाआधी पुन्हा मोजा.
- ९.६ च्या खाली: बॅटरी आधी पूर्ण भरलेली होती याची खात्री असेल, तर ती थकली आहे. पैशाची तयारी ठेवा.

थंडीत हा आकडा थोडा खाली येणारच. निफाडकडच्या जानेवारीतल्या पहाटे इंजिनातले तेलही घट्ट असते आणि बॅटरीची ताकदही घटलेली असते. त्यामुळे पुष्कळांना वाटते की थंडीने बॅटरी मारली. महाराष्ट्रात बॅटरी मरते ती उन्हाळ्यात. चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. उष्णतेने आतल्या पट्ट्या गंजतात, पाणी उडते. उन्हाळ्यात झालेली ही झीज हिवाळ्यात पहिल्या गार पहाटे दिसते. म्हणून तपासणी वर्षातून दोनदा करा, उन्हाळा संपताना आणि दिवाळीनंतर.

आकडा ९.६ च्या खाली गेला तरी बॅटरी बाद ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट बघा, ती म्हणजे जोडणी.

टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर

नव्या बॅटरीवर खर्च झालेला पुष्कळसा पैसा खरे तर या थरापायी गेलेला असतो. टर्मिनल आणि त्यावरचा चिमटा यांच्यात क्षार साचले की वीज अडते, आणि लक्षणे हुबेहूब मेलेल्या बॅटरीची दिसतात. कोकणात, गोव्यात, मुंबईच्या किनारपट्टीला खाऱ्या दमट हवेमुळे हे लवकर होते.

हेही मीटरने पकडता येते. लाल टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर आणि काळे टोक त्याच खुंटीवर बसलेल्या चिमट्यावर टेकवा. दोन्ही टोके एकाच बाजूला. आता सेल्फ मारायला सांगा. आकडा शून्याजवळ राहिला पाहिजे. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर वीज त्या सांध्यातच वाया जाते आहे. दोन्ही टर्मिनलवर करून बघा.

साफ करणे सोपे आहे. दहा नंबरच्या पान्याने आधी उणे चिमटा सोडवा, मग अधिक. लावताना आधी अधिक, शेवटी उणे. क्रम बदलू नका, कारण गाडीची सगळी बॉडी उणे टोकाला जोडलेली असते. उणे चिमटा जागेवर असताना अधिक टर्मिनलवर फिरणारा पाना बॉडीला टेकला की ठिणगी पडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने थर घासा, पाण्याने धुवा, कोरडे करा, चिमटे हाताने हलणार नाहीत इतके आवळा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. सोड्याचे पाणी झाकणांच्या फटीतून आत जाऊ देऊ नका. आतले आम्ल त्याने मरते. बॅटरी सोडवल्यावर घड्याळ, रेडिओ, काचांची आपोआप चढ-उतार यांची मांडणी पुसली जाऊ शकते. रेडिओला सांकेतिक अंक लागत असतील तर ते आधी शोधून ठेवा.

मग दुसरे मोजमाप पुन्हा घ्या.

तिसरे मोजमाप: इंजिन चालू असताना

इंजिन सुरू करून टोके परत बॅटरीवर ठेवा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आकडा दिसला तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे. हेडलाइट आणि एसी लावा, थोडे ॲक्सिलरेटर द्या, आकडा १३.५ च्या वर टिकला पाहिजे. १३ च्या खालीच घुटमळत असेल तर बॅटरी चार्जच होत नाही. पट्टा सैल आहे का ते बघा आणि गाडी वायरमनकडे न्या. १५ च्या पुढे गेला तर त्याहून वाईट: जादा चार्जिंगने बॅटरी उकळते आणि नवी बॅटरीही वर्षभरात जाते.

अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरला मधूनमधून विश्रांती देतो. तिथे १२.६-१२.८ दिसले म्हणून घाबरू नका. दिवे आणि एसी लावल्यावर आकडा चढतो का ते पाहा. डॅशबोर्डवरचा बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर तोही चार्जिंग थांबल्याचा इशारा आहे. त्यावर नवी बॅटरी घेणे हा उपाय नव्हे.

पाणी भरायची बॅटरी असेल तर

ज्या बॅटरीवर सहा झाकणे फिरवून उघडता येतात तिच्यात पाण्याची पातळी महिन्यातून एकदा बघा. पट्ट्या बुडालेल्या असायला हव्यात आणि बाजूच्या दोन खुणांच्या मध्ये पाणी हवे. भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. नळाचे, फिल्टरचे, ‘आरओ’चे पाणी नको, आम्ल तर मुळीच नको. उडते ते पाणी, आम्ल आतच राहते.

ग्रॅव्हिटी मोजायचा हायड्रोमीटर शंभर-दोनशे रुपयांत मिळतो आणि अशा बॅटरीसाठी तो मल्टिमीटरहून जास्त बोलका आहे, कारण तो एकेक कप्पा वेगळा तपासतो. पूर्ण चार्ज बॅटरीत आकडा कंपनीनुसार १.२४ ते १.२८ दरम्यान येतो. महत्त्वाचे आहे ते सहाही कप्प्यांचे आकडे जवळपास सारखे असणे. पाच कप्पे १.२५ दाखवतात आणि एकच १.१८ वर असेल तर तो कप्पा बॅटरीला घेऊन बुडणार. नुकतेच पाणी घातले असेल तर मोजू नका. गाडी चालवून, चार्ज होऊन ते मिसळू द्या.

बंद बॅटरीवर एक छोटी गोल काच असते, तिला दुकानदार ‘मॅजिक आय’ म्हणतात. हिरवी म्हणजे ठीक, काळी म्हणजे चार्ज करा, पांढरी म्हणजे बदला. ही काच सहांपैकी एकाच कप्प्यात डोकावते. तो कप्पा चांगला आणि शेजारचा मेलेला असेल तरी ती हिरवीच दिसते. काळी किंवा पांढरी दिसली तर दखल घ्या. हिरवी दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका.

तिन्ही आकडे चांगले, तरी गाडी तीन दिवसांत बंद

मग गाडीत कुठेतरी वीज झिरपते आहे. घड्याळ, अलार्म, संगणक यांच्यासाठी बंद गाडीलाही थोडी वीज लागते. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती चालण्यासारखी. तेवढ्यानेही रोज १.२ अँपिअर-अवर खर्च होतात. लहान पेट्रोल गाडीत बहुधा ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. म्हणजे गणपतीला दोन आठवडे गावी गेलात तर ती निम्म्यावर आलेली असणार. यात बॅटरीचा दोष नाही. तीन-चार आठवड्यांसाठी गाडी उभी ठेवायची असेल तर उणे चिमटा सोडवून ठेवा.

गळती मोजण्यासाठी मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात हलवा आणि बटण त्याच खुणेवर आणा. चावी काढा, चावीविना चालणारी गाडी असेल तर चावी लांब घरात ठेवा. बॅटरीचा उणे चिमटा सोडवा आणि मीटरची टोके चिमटा व खुंटी यांच्यामध्ये धरा, म्हणजे वीज मीटरमधून वाहील. बोनेट उघडे असल्याने किंवा दार नुकतेच लावल्याने गाडीचे संगणक जागे असतात. ते झोपायला अर्धा-पाऊण तास लागू शकतो. सुरुवातीला आकडा मोठा दिसला तर थांबा.

मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, हेडलाइट लावू नका. फ्यूज उडेल किंवा मीटर जळेल. काम झाल्यावर लाल वायर आठवणीने परत व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपिअरच्या भोकात तशीच राहिली आणि पुढच्या वेळी टोके बॅटरीवर टेकवलीत तर सरळ शॉर्टसर्किट होते.

आकडा १०० मिलिअँपिअरच्या वर टिकून राहिला तर फ्यूज एकेक करून काढा आणि लावा. जो काढल्यावर आकडा धाडकन पडतो, त्या मार्गावर चोर आहे. आधी संशय घ्यायचा तो बाहेरून बसवलेल्या गोष्टींवर: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर, बाहेरून बसवलेले सीएनजी किट. चावीच्या स्विचनंतर जोडायची वायर थेट बॅटरीला जोडली की हे होते, आणि घाईत काम उरकणारे तसे करतात. डिकीतला दिवा झाकण बंद झाल्यावरही पेटलेला राहणे हीही नेहमीची गोष्ट. आत मोबाइल चित्रीकरणावर ठेवून डिकी लावली की कळते.

हे प्रयोग करू नका

- चालत्या इंजिनात बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर ‘तपासणे’. जुन्या डायनामोच्या काळात उस्ताद मंडळी हे करत. आजच्या गाडीत दाब एकदम उसळतो आणि संगणक जळू शकतो. तुमच्या गाडीवर कोणी हे करू लागला तर त्याचा हात धरा.
- वायरीने दोन टर्मिनल जोडून ठिणगी बघणे. ठिणगीवरून काहीही कळत नाही, वर स्फोटाचा धोका.
- पंधरा-वीस सेकंद सलग सेल्फ मारणे. पाच सेकंद मारा, अर्धा मिनिट थांबा. नाहीतर स्टार्टर मोटरही जाईल.
- ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारणे. सुरू होणार नाही.
- उतरलेली बॅटरी ‘गाडी फिरवून भरेल’ म्हणून सोडून देणे. भाजी आणायला दोन किलोमीटर गेल्याने भरत नाही. चार्जरवर, बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाएवढ्या करंटने, म्हणजे ३५ ची असेल तर साडेतीन अँपिअरने, रात्रभर भरू द्या. अर्धवट भरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली की आतल्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि तो पुढे निघत नाही.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर सुरू करायची वेळ आली तर क्रम हा: लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिकला, काळी केबल चांगल्या बॅटरीच्या उणेला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीत ठिणगी पडते, ती बॅटरीजवळ पडू नये म्हणून हे. काढताना बरोबर उलट्या क्रमाने. गाडी सुरू झाली की तिन्ही मोजमापे घेईपर्यंत दुकानाकडे वळू नका.

बदलायचीच ठरली तर

तुमचे आकडे एका कागदावर लिहून न्या. दुकानदाराला त्याच्या यंत्रावर बॅटरी तपासून छापील निकाल द्यायला सांगा. बहुतेक मोठ्या विक्रेत्यांकडे असे यंत्र असते. निकालात ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ असे आले तर ते ‘बदला’ नव्हे.

नवी घेताना जुन्यावरचाच क्रमांक मागा. त्यातले शेवटचे ‘एल’ किंवा ‘आर’ हे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगते. ते चुकले तर केबल पोचत नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाडीत ‘ईएफबी’ किंवा ‘एजीएम’ जातीची बॅटरी असते. तिथे साधी स्वस्त बॅटरी बसवली तर ती फार टिकत नाही. आणि उत्पादनाची तारीख बघा. तीन महिन्यांपेक्षा जुना माल असेल तर दुसरा मागा, कारण बॅटरी फळीवर पडल्या-पडल्याही उतरत असते.

वॉरंटीचे दोन भाग असतात आणि जाहिरातीत त्यांची बेरीज मोठ्या अक्षरात छापलेली असते. ‘३०+२५’ म्हणजे पहिले ३० महिने बॅटरी फुकट बदलून. पुढचे २५ महिने नव्या बॅटरीच्या छापील किमतीवर घटत जाणारी सूट. दुकानात नवी बॅटरी छापील किमतीपेक्षा कमीतच मिळते आणि जुनीचे पैसे वजा होतात, तेव्हा शेवटच्या महिन्यांत ही सूट घेणे परवडते का ते हिशेब करूनच ठरवा. फुकट बदलून मिळालेल्या बॅटरीची वॉरंटी बहुधा मूळ तारखेपासूनच मोजली जाते. टॅक्सीत वापरलेल्या बॅटरीला मुदत कमी असते. दिवे चालू राहून उतरलेल्या बॅटरीला वॉरंटी लागू होत नाही. म्हणून ती चार्ज करूनही नापास होते हे दाखवणारे तुमचे आकडे उपयोगी पडतात.

जीएसटीचे पक्के बिल घ्या, त्यावर बॅटरीचा अनुक्रमांक लिहून घ्या. “वॉरंटी कार्ड आहे ना, बिल कशाला?” हे ऐकून घेऊ नका. तपासणीसाठी बॅटरी ठेवून घेतली तर पोच मागा आणि तेवढ्या दिवसांसाठी पर्यायी बॅटरीही मागा. बरेच विक्रेते देतात, पण मागितल्यावरच.

वॉरंटीत असूनही विक्रेता टाळाटाळ करू लागला तर आधी कंपनीला लेखी तक्रार करा. तेवढ्याने हलले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते; बॅटरी दुसऱ्या शहरात घेतली असली तरीही. वकील लागत नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची.

जुनी बॅटरी कुठे द्यायची

नवी घेताना त्याच दुकानात, आणि तिचे किती पैसे धरले ते बिलावर वेगळे लिहून घेऊन. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणे ही वापरणाऱ्याचीही जबाबदारी आहे. गल्लीतला भंगारवाला शे-दोनशे रुपये जास्त देतो खरा. पण आतले आम्ल गटारात ओतून, शिसे उघड्यावर वितळवणारे अजूनही आहेत. त्यांच्या हाती तुमची बॅटरी देऊ नका.